पाळणा

खोक्यावर त्याचं नावच होतं पाळणा.
मी हसले. म्हटलं, आता, आर्व्हिड? एकावन्न लागलंय तुला.
तो कॉम्प्युटरच्या मागे ओणवा,
पियानो लावायची किल्ली दातांत धरून
नऊ पिनांच्या प्लगचे स्क्रू पिळत होता.

डुलुथचं सरोवर तेव्हा गोठलेलं, खनिजाच्या बोटी धक्क्याला रुतलेल्या.
तो मात्र दिवसभर फिरतीवर:
टू हार्बर्स, क्लोके, प्रॉक्टरची शाळा,
चर्चांच्या तळघरांतले पडसं झालेले पियानो.
खिशातल्या यंत्रावर काडीने खरडायचा,
यंत्राला कळेल अशाच अक्षरांत;
त्याचा ए म्हणजे नुसतं छप्पर, मधली तुळई गायब.

संध्याकाळी यंत्र पाळण्यात, बोट बटणावर.
मग दोन स्वर, एक सुरू झाल्याचा, एक संपल्याचा.
दुसरा जरा उतरलाय, तो म्हणायचा.
रोज म्हणायचा.

मी घरी, फोनपाशी. पत्ते, तारखा, थकलेली बिलं.
एक वही त्याच्या खिशात, एक माझ्या टेबलावर,
मधे राखाडी वायर.
कधी दोघांनी एकाच ओळीला हात लावलेला असायचा,
मग पडदा विचारायचा, कोणती ठेवू?
पुल्किनेनबाई. त्याचं: मधला जी अडकतो, कुत्रा चावतो.
माझं: वीस डॉलर बाकी, कुत्रा गेला.
सूप निवायचं, आम्ही ठरवत बसायचो.
आमच्या बाकीच्या भांडणांत
इतक्या सभ्यपणे विचारणारं कुणी नव्हतं.

पुढच्या आवृत्तीने विचारणं सोडलं.
जे ताजं ते खरं, बास.
त्याच मार्चमध्ये गाडीत सेल बदलताना
यंत्राने आजची तारीख विचारली
आणि हातमोज्यातल्या अंगठ्याने
वर्ष एकाने कमी टेकवलं.
नऊ दिवस तो गेल्या वर्षात काम करत होता, बिनबोभाट.
रविवारी बटण दाबलं. दोन स्वर.
एकतीस पियानो माझ्या जुन्या नोंदींखाली गडप.

मी काही बोलले नाही. म्हणजे, बोलले, बरंच.
मग गाडीत बसले, आणि घरोघर जाऊन
आम्ही ते नऊ दिवस पुन्हा लिहून आणले.
बावीस वर्षांच्या संसारात
त्याला काम करताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.
एका स्वराला तीन तारा असतात, मला ठाऊक नव्हतं.
नमद्याच्या पट्टीने एक गप्प करायची,
दुसरी पहिलीकडे आणत जायची;
दोघींमधला हेलकावा भरभर, मग सावकाश,
मग झोपल्यासारखा.
झाला मेळ? मी विचारलं.
झाला. पण कणभर सोडतो मी.
अगदी एक झाल्या तर स्वर लवकर मरतो.

नंतर वायर बारीक झाली, मग चपटी.
मग दोन यंत्रं नाकाला नाक लावून
लाल डोळ्यांतून कुजबुजायची, मधे हात घातला की अबोला.
मग तेही गेलं. आता मी यादीत मीठ लिहिते
आणि तो दुकानात उभा असतो, त्याच्या तळव्यावर मीठ उगवतं.
खोडलं तर खोडलं जातं, त्याने पाहिलं असो नसो.
वही एकच, म्हणे, आणि ती कुठे आहे
ते आम्हा दोघांनाही माहीत नाही.

पाळणा खिडकीत आहे. त्यात त्याच्या श्रवणयंत्रांची डबी बसते,
जरा तिरकी.
तीही फोनशी जुळतात, रोज सकाळी, न विचारता.
पण डावं उजव्याच्या मागे पडतं, केसभर.
दुकानातली पोरगी म्हणाली, नवी आवृत्ती टाकून देते, आजोबा, एका मिनिटात नीट होईल.
आर्व्हिड मान कलती करून ऐकत राहिला,
तिचं ते वाक्य आधी उजव्या कानात संपलेलं,
मग डाव्या.

राहू दे, म्हणाला.